फरीदाबादचे गृहस्थ

फरीदाबाद
१२ जानेवारी २०२५

ज्ञानोबा,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही.

साकेत उद्या ऑफिसला जाताना मंडी हाउसला उतरेल आणि हे पत्र तुझ्या नोकरीच्या अतिथिगृहाच्या फाटकावर देईल. फोनवर मला हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून हा जुना रस्ता. तुला मामाचं अक्षर लागतं, एवढं पुरे.

बातमी अशी की मालिकेतले दादाजी जाणार. दिवाळीपासून मला पलंगावरच ठेवलं होतं. नाकात नळी, उशाशी सून, पायाशी दोन मुलगे. तेव्हाच ओळखलं. परवा नोएडाच्या सेटवर हातात पान आलं. त्यात माझ्यासाठी शेवटची ओळ होती : दादाजी डोळे मिटतात. मिटले. एका शॉटमध्ये झालं, दुसरा घ्यावा लागला नाही.

पन्नास वर्षं हेच केलं. मराठी चित्रपटात आधी नायकाचा धाकटा भाऊ, मग इन्स्पेक्टर, मग नायिकेचा बाप. हिंदीत डॉक्टर, जज, परत डॉक्टर. टीव्हीवर आल्यापासून आजोबा. यात मेलो पुष्कळदा. तुला माहीत नसेल, पण आमच्याकडे मेलेल्या नटाला तसंच घरी पाठवत नाहीत. तिरडीची शेवटची गाठ बांधायची नाही, आणि शॉट संपला की त्याला उठवून बसवायचं, कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावायचं, तोंडात पेढा द्यायचा. तो हसरा शॉट कुठेही दाखवत नाहीत. नुसता घेऊन ठेवतात. या वेळी पेढा नव्हता, बर्फी होती.

दुसऱ्या दिवशी फोटो काढायला बोलावलं. आता पुढच्या भागांत मी भिंतीवर असेन, चंदनाचा हार घालून. फोटोग्राफर म्हणाला, "सर, थोडा आशीर्वादवाला लुक."

तो भाग शनिवारी, १ फेब्रुवारीला लागेल. संध्याकाळी साडेसातला. ताईला दाखव. विसरू नकोस. बाकी काही नाही, एवढ्यासाठीच हे पत्र.

सुधाकर मामा

•

कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली
१६ जानेवारी २०२५

॥ श्री ॥

तीर्थरूप मामा, पायांवर डोकं ठेवतो.

पत्र पोचलं. साकेतने ते पहाऱ्यावरच्या माणसाकडे दिलं आणि तो निघून गेला. मी क्वार्टरच्या खिडकीतून हाका मारल्या. राधाने चहा टाकला होता. मामेभाऊ असून हल्ली तो थांबत नाही. आपल्या हातून काही चुकलं का, ते सांगावं. सोबत तिळगूळ पाठवत आहे.

मामा, तुम्ही सांगितलेलं मी कधी मोडलं नाही. पण हे मला जमणार नाही. आईला मी तो भाग दाखवणार नाही.

ती गावाहून इकडे आली त्याला आता वर्ष होईल. डोळ्यांना कमी दिसतं. मागचं सगळं आठवतं, कालचं आठवत नाही. रोज सात वाजले की तोंड धुऊन, पदर डोक्यावर घेऊन टीव्हीसमोर बसते. भावाकडे जायचं म्हणून. परवाचीच गोष्ट. तुम्ही पलंगावर पडलेले होतात. आई म्हणाली, "ज्ञानू, त्या बाईला सांग, उशी उंच झालीय सुधाला."

राधा म्हणाली, "आई, ती मालिका आहे."

"मालिका आहे ते मला कळतं. पण मान तर त्याचीच अवघडते ना?"

राधा आत जाऊन हसली. मला हसू आलं नाही. कारण अर्ध्या तासाने आई म्हणाली, "सुधाचा आवाज असा काय येतो? घसा धरलाय त्याचा. सुंठ उगाळून द्यायला सांग सुनेला." टीव्ही जुना झालाय, म्हणून असेल, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "टीव्ही जुना झाला तर बाकीच्यांचे आवाज बरे येतात." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांनी तिच्या हृदयाबद्दल स्पष्ट सांगितलेलं आहे. तुम्ही डोळे मिटलेले तिला दिसले तर ती ते खरं धरेल. मग तिला काय झालं तर मी कोणाला तोंड दाखवू? त्या दिवशी करोल बागेत आपल्या लोकांचा माघी गणपती आहे. तिला तिकडे कीर्तनाला नेईन. देवाच्या दारात संध्याकाळ निघून जाईल.

भाऊबीजेलाही तुम्ही आला नाहीत. तिने ओवाळणीचं ताट लावून ठेवलं होतं. निरांजन तीनदा पेटवलं. फरीदाबादहून मेट्रो सरळ मंडी हाउसला येते, गाडी बदलावी लागत नाही. मरताना तिला दिसण्यापेक्षा एकदा जिवंत येऊन दिसलात तर बरं.

लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

ज्ञानोबा

•

फरीदाबाद
२१ जानेवारी २०२५

ज्ञानोबा,

तिळगूळ मिळाला. वल्लरी सूनबाईने कुटून दुधात घालून दिला. दात आता कामाचे नाहीत.

तू रागावलास. रागाव. पण एक ऐक, म्हणजे मी का मागे लागलोय ते कळेल.

मी नऊ वर्षांचा होतो. विहिरीवर पाणी शेंदत होतो, तेव्हा कावळा येऊन डोक्यावर बसला. नुसता उडत गेला असता तरी चाललं असतं. चांगला बसला, चोच मारली आणि गेला. आईने ते बघितलं. गावात याचा अर्थ एकच, या पोराला धोका आहे. त्यावर उपायही एकच. लांबच्या जिवाभावाच्या माणसाला कळवायचं की पोरगा गेला. त्याने ते खरं मानून रडायचं. त्या रडण्याने आलेलं टळतं आणि आयुष्य वाढतं. बातमी खोटी असावी लागते, आणि रडणाऱ्याला ते माहीत नसावं लागतं. माहीत असून रडलं तर उपयोग नाही.

बाबांनी ताईच्या सासरी कार्ड टाकलं, सुधाकर वारला. तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कार्ड मिळालं तशी ती निघाली. पायात काही न घालता शेतातून, नदीतून, रडत आली. मी ओट्यावर बसून भाकरी खात होतो. तिने मला बघितलं. आधी एक मुस्काटात दिली. मग जवळ घेतलं. मग परत एक दिली.

पुढे मी नट झालो. पहिल्यांदा पडद्यावर मेलो तो चित्रपट तिने तालुक्याला तंबूत बघितला. सगळ्या बायकांच्यात मोठ्याने रडली. मला लिहिलं, "रडून घेतलंय. आता तुझं वाढलं." त्यानंतर कुठल्याही चित्रपटात मेलो की तिचं कार्ड यायचं, रडून घेतलंय. माझ्या कामाबद्दल दुसरं कोणी इतकं नेमाने लिहिलेलं नाही. कल्पना माझी बायको, पण तीही म्हणायची, तुमचं परीक्षण आलं बघा गावाहून.

मी या गोष्टी मानतो असं नाही. तू जेवढं देवाचं करतोस त्याच्या पावपटही मी करत नाही. पण एवढं एक कर. तिचं मन घट्ट आहे. तुला वाटतं तशी ती नाही. तिला रडू दे.

१ तारीख, साडेसात.

सुधाकर मामा

•

कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली
३ फेब्रुवारी २०२५

॥ श्री ॥

तीर्थरूप मामा,

शनिवारी ठरवल्याप्रमाणे आईला करोल बागेला नेलं. रिक्षा गर्दीत अडकली तेव्हा ती मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांकडे बघून म्हणाली, "इथे सगळं मोडूनच ठेवलंय." कीर्तन चांगलं झालं. तिने प्रसाद खाल्ला. साडेसात वाजले तेव्हा आरती चालू होती. तिने विचारलं, "सुधाची वेळ झाली का रे?" मी सांगितलं, आज सुट्टी आहे त्याला.

खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही, हे तुम्ही जाणता. देवासमोर उभा राहून बोललो.

आज सोमवारी तिने टीव्ही लावला, तर भिंतीवर तुमचा फोटो. हार दिसायच्या आत मी बंद केला आणि सांगितलं की मालिका संपली. तिने थोडा वेळ टीव्हीकडे बघितलं आणि झोपायला गेली. जेवली नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कावळ्याचं वाचून मन भरून आलं. पण मामा, तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होतात आणि आता ती त्र्याऐंशी वर्षांची आहे. राग मानू नका. मला वाटलं, तुम्हाला शेवटपर्यंत बघणारं माणूस पाहिजे आहे. रडणारा एक प्रेक्षक कमी पडू नये, एवढंच. इथे यूपीएससीचा अभ्यास करणारी आपल्याकडची पोरं जेवायला येतात. दादाजी माझे मामा आहेत हे कळल्यावर एक जण म्हणाला, "काका, काय मस्त मेले यार ते, बिल्कुल रिअल." ते तुम्हाला कळवतो. त्यात समाधान माना. आईला सोडा.

ज्ञानोबा

•

फरीदाबाद
५ फेब्रुवारी २०२५

ज्ञानोबा,

बरं केलंस. तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

काही दिवस मी इथे नसेन. पत्र पाठवू नकोस.

ताईला जेवायला घाल.

सुधाकर

•

कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली
११ फेब्रुवारी २०२५

॥ श्री ॥

तीर्थरूप मामा,

पत्र पाठवू नकोस म्हणालात तरी पाठवतो आहे. साकेतच्या हातात स्वतः देणार आहे. काल तो फाटकावर आला नाही तर मी मंडी हाउसच्या जिन्यात उभा राहून त्याला गाठलं आणि आज यायला लावलं.

रविवारी मी फरीदाबादला आलो होतो. ५ तारखेचं तुमचं पत्र फार लहान होतं. तुम्ही एवढं लहान कधी लिहीत नाही. वाटलं, मी जास्त बोललो, जाऊन पाय धरावेत. वल्लरीने दार उघडलं. तुम्ही आत झोपला होतात.

"अच्छा, दादा, तुम्ही! या ना. चप्पल राहू दे." मग मागे बघून हळू आवाजात, "बाबांनी तुम्हाला सांगितलं नाहीच ना?"

"काय?"

"म्हणजे नाहीच सांगितलं. यार, मी दमले आता हे लपवून. साकेतला शपथ घातलीय, मला घातलीय. ऑपरेशन आहे दादा, अठरा तारखेला. घशातली गाठ. सगळं स्वरयंत्रच काढणार आहेत."

मी म्हटलं, कानाचं काहीतरी होतं ना?

"कान ठणठणीत आहेत. मी किचनमध्ये कुकरची शिट्टी मोजायला विसरले तर टाळी वाजवून सांगतात. आवाज नाहीये. दिवाळीपासून नाहीये."

मग ती म्हणाली की मालिकेत दिवाळीपासून तुम्ही फक्त ओठ हलवत होतात. मागून दुसरा कोणी तरुण कलाकार दादाजींचा आवाज देत होता. रोजच्या भागात हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, असं ती म्हणाली.

मामा, आमच्या घरात एका माणसाच्या लक्षात आलं होतं. तिला मी टीव्ही जुना झाल्याचं सांगितलं.

मी तुम्हाला उठवू दिलं नाही. दारातून बघितलं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून होतात. पाय धरायला आलो होतो, पण पुढे झालो नाही. मेट्रोत बसलो. जागा मिळाली. कुठलं स्टेशन येतं आहे तेही कळत नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं. तेही नीट वाटलं नाही. अंगावरची जागा बधिर करून टाके घालतात तेव्हा जसं नुसतं ओढल्याचं कळतं, तसं होतं.

घरी आल्यावर पोथी काढली. वाचन झालं नाही. राधाला सांगितलं, तो भाग मोबाईलवर लाव. तिने लावला. आईला उठवून बसवलं, चष्मा दिला, मोबाईल जवळ धरला. तुम्ही का मागे लागला होतात ते आता कळलं होतं. तिला काय व्हायचं ते होवो, असं ठरवून मी तिच्या पाठीला हात लावून बसलो.

तिने पूर्ण बघितला. तुम्ही मुलाला काही सांगता आणि डोळे मिटता, सगळं घर रडतं. आई रडली नाही. म्हणाली, "कोण रे हा?"

"मामा आहेत आई. सुधामामा."

"छे. हा सुधाचा आवाज नाही." आणि मोबाईल बाजूला करून, "बिचारा. म्हातारा होता. सुधा कधी येतोय त्यात?"

मी परत लावला. तिने परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा लावायला गेलो तेव्हा राधाने माझा हात धरला.

तुम्ही सांगितलं त्या दिवशी दाखवलं असतं तरी ती रडली नसती, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकतो. घालत नाही.

या रविवारी आईला घेऊन येतो. नको म्हणू नका. ऑपरेशनच्या आधी तुम्ही दोघं भेटा. पुढचं देवाच्या हातात.

ज्ञानोबा

•

फरीदाबाद
१७ फेब्रुवारी २०२५

ज्ञानोबा,

दुपारी दवाखान्यात दाखल व्हायचं आहे. पिशवी भरून दारात ठेवली आहे. साकेत गाडी काढायला गेलाय. तेवढ्यात लिहितो, कारण हे तुला माहीत असायला हवं.

काल तू ताईला घेऊन आलास. मला बघून तिने हात जोडले. तू म्हणालास, "आई, मामा." तिने परत हात जोडले, कोणा परक्याला जोडावेत तसे. तुझा चेहरा मी बघितला. तू लगेच साकेतबरोबर औषधं आणायला निघालास ते बरं झालं. वल्लरी चहा ठेवायला आत गेली. आम्ही दोघं राहिलो.

थोडा वेळ ती खोली बघत होती. मग म्हणाली, "तुमचा घसा दुखतो का?" मी मान हलवली. "बोलू नका. मी बोलते."

आणि बोलत राहिली. म्हणाली, माझा भाऊ नट आहे, तुम्ही बघितला असेल त्याला. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला त्याने म्हातारीचं काम केलं, आईचं लुगडं नेसून. वडिलांनी मारलं. रात्री मी त्याच्या पाठीला हळद लावली तर म्हणतो, ताई, बायका हसल्या की नाही? मुंबईला गेला तेव्हा माझ्याकडे आधी आला. मी त्याला सासूच्या नकळत शिध्यातले शेंगदाणे दिले. इन्स्पेक्टर झाला तेव्हा गावातल्या पोराटोरांनी त्याच्या फोटोला सलाम ठोकला. पण त्याला हिरो कोणी केला नाही. नाक मोठं आहे त्याचं, आमच्या बाबांसारखं.

हे सगळं ती मला सांगत होती. पन्नास वर्षांत माझी मुलाखत घ्यायला जे आले त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी मान हलवत ऐकत होतो. समोरच्याचं बोलणं चालू असताना फक्त ऐकायचं काम असतं ना, ते मला चांगलं जमतं. त्यावरच जगलो.

मग ती थांबली. म्हणाली, "तो याच घरात असतो ना? मुलगा कामाला आहे त्याचा इकडे. कुठे गेलाय? दिसत नाही हल्ली. ज्ञानू मला खरं सांगत नाही. तुम्ही सांगा."

माझ्याजवळ पाटी होती, खडू होता. पण तिच्या डोळ्यांना ते वाचता आलं नसतं. वल्लरीला हाक मारता येत नव्हती, टाळी वाजवता आली असती. वाजवली नाही. माझा हात चष्म्याकडे गेला. चष्मा काढला, तिच्याकडे बघितलं, आणि मान सावकाश डावीकडून उजवीकडे हलवली. एकदाच. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येणारा डॉक्टर मी किती चित्रपटांत केला असेल! त्यात बोलायला काही नसतं. चष्मा काढायचा आणि मान हलवायची. बाहेर बसलेल्या बायकांना लगेच समजतं.

ताईला समजलं.

मी हे मुद्दाम केलं की हाताच्या सवयीने झालं, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही खरं असेल.

तिने पदर तोंडात धरला. आवाज येऊ दिला नाही, परक्याचं घर म्हणून. खूप रडली. वल्लरी चहा घेऊन आली तेव्हा ती डोळे पुसून बसली होती. तू परत येऊन विचारलंस, काय झालं. ती म्हणाली, "काही नाही. कळलं मला." तुला वाटलं, तिने मला ओळखलं. तू माझ्याकडे बघून हसलास. मी तुला हसू दिलं.

हे मला पाहिजे होतं. दिवाळीपासून तेवढंच पाहिजे होतं. डॉक्टरने गाठीचं नाव सांगितलं त्या दिवशी कागदावर सही करताना दुसरं काही मनात आलं नाही, ताईने एकदा रडून घ्यावं एवढंच आलं. तुला आधी सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावरून तिने ओळखलं असतं, आणि मग उपयोग नव्हता. आता मिळालं. मला वाटलं होतं हलकं वाटेल. काही वाटलं नाही. ती रडत होती आणि मी चष्मा हातात धरून बघत होतो. तो परत घालायचंही सुचलं नाही.

गाडी आली.

सुधाकर

•

कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली
२७ फेब्रुवारी २०२५

॥ श्री ॥

तीर्थरूप मामा,

वल्लरी रोज फोन करते. ऑपरेशन व्यवस्थित झालं, गाठ पूर्ण निघाली, आता नळीने का होईना पोटात जातं, सगळं कळलं. डॉक्टर म्हणाले की जिवाला धोका नाही. काल महाशिवरात्र होती. सकाळी देवळात जाऊन आलो.

तुमचं १७ तारखेचं पत्र साकेतने दिलं तेव्हा दोन दिवस उशीर झाला होता. ते वाचायच्या आधीच घरात सुरू झालं होतं. त्या रविवारी रात्री आईने टीव्हीवर चादर टाकली. सोमवारी सकाळी बघतो तर ती कोपऱ्यात चटई टाकून बसलेली. देवाजवळ गेली नाही. राधाला म्हणाली, "मला शिवू नकोस. सासरी गेलेल्या बहिणीला तीन दिवसांचं असतं."

राधाने विचारलं, "कोणाचं?"

"माझ्या भावाचं. ज्ञानूला सांगू नकोस मला कळलंय ते. तो लपवतोय, त्याला वाईट वाटेल."

मामा, राधाने मला सांगितलं. मी आईजवळ गेलो. तोंड उघडलं तर सगळं एका वाक्यात मिटलं असतं. ती वर बघून म्हणाली, "ज्ञानू, तू जेव. माझं आटपत आलंय." मी जेवलो. जिवंत माणसाचं सुतक माझ्या घरात चाललं आणि मी रोज सकाळी पूजा करून, तीर्थ घेऊन स्वागतकक्षात जाऊन बसलो. लोकांना खोल्या दिल्या. मंगळवारी तुम्हाला टेबलावर घेतलं त्या वेळी ती चटईवर होती. मला तिला हलवावंसं वाटलं नाही. हे मी तुमच्या त्या उपायासाठी केलं का? विचारू नका. देवालाही उत्तर देता आलेलं नाही.

बुधवारी तिने डोक्यावरून अंघोळ केली, देवाला हळदकुंकू वाहिलं आणि वरणभात मागून घेतला. त्यानंतर शांत आहे. सात वाजता पदर घेऊन बसत नाही. टीव्हीकडे बघत नाही. तुमचं नाव काढत नाही.

तुमच्यावर रागवावं असं मी ठरवलं होतं. कागद घेऊन बसलो तर राग शोधावा लागला.

आता विचारायचं ते विचारतो. तुम्ही बरे होणार आहात. तिला सांगू का? मामा आहेत, ते तूच बघितलेस, असं सांगू का? सांगितलं तर काय होईल मला कळत नाही. नाही सांगितलं तर मी रोज तिच्या ताटात ते खोटं वाढतो आहे, असं वाटतं. माझ्याने ठरत नाही. तुम्ही सुरू केलंत, तुम्हीच सांगा.

एक राहिलं. काल रात्री ती आपणहून म्हणाली, "त्या फरीदाबादच्या आजारी गृहस्थांचं कसं आहे रे? बिचारे फार सज्जन. मी एवढी बोलले, सगळं ऐकून घेतलं. सुधाची बातमी त्यांनी कशी दिली बघ, मला लागू नये अशी."

मी म्हटलं, बरे आहेत.

ज्ञानोबा

•

फरीदाबाद
९ मार्च २०२५

ज्ञानोबा,

घरी आलो. गळ्याला भोक आहे, त्यावर जाळीचा रुमाल बांधतात. श्वास तिथून जातो-येतो. शिंक आली की काय करायचं ते अजून शिकतोय. लिहिताना मात्र आधीसारखाच आहे.

तुझं पत्र बरेच दिवस उशाशी होतं. ताईला सांगू नकोस.

तू सांगितलंस तर ती विश्वास ठेवेल, तू सांगतोस म्हणून. इथे येईल, माझ्या तोंडाकडे बघेल आणि सुधाला शोधत बसेल. मला बोलता येणार नाही आणि तिला माझ्या तोंडावरून काही लागणार नाही. दर वेळी नव्याने शोधेल. तिने रडून, अंघोळ करून, जेवून ते संपवलं आहे. परत काढू नको. तुझ्या देवाला माझं नाव सांग, हे ओझं माझ्या खात्यावर लिहून घेऊ दे.

परवा निर्मात्याचा माणूस फुलं घेऊन आला होता. म्हणाला, सर, फ्लॅशबॅकमध्ये आपका बहुत स्कोप है. मी पाटीवर लिहिलं, आवाज? तो म्हणाला, वो हो जाएगा सर. वल्लरीने त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. मी नाही म्हटलं. वाईट वाटलं नाही. ते काम संपलं.

पण एक करशील का? डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात बाहेर पडायला हरकत नाही. मग मी दर रविवारी तुमच्याकडे येत जाईन. साकेत सोबत असेल, मेट्रोने सरळ. ताईजवळ बसेन. तिला तिच्या भावाबद्दल बोलायचं असेल तर बोलू दे. मुंबईला जायच्या आधीचं पुष्कळ मला माहीतच नाही, शेंगदाण्यांवरून सासूने तिला काय केलं ते तिने सांगितलं नाही. मी विचारू शकत नाही, पण बसलो तर ती आपणहून त्यावर येईल.

ते आजारी गृहस्थ म्हणूनच येईन. तिला नुसतं गृहस्थ म्हणून किती दिवस चालेल? नाव विचारेल. नाव तू ठरव. साधं असू दे, आपल्याकडचं, तिच्या जिभेवर बसेल असं. आणि मला आधी कळव, म्हणजे त्या नावाने हाक मारली की मान वर करायची सवय करून ठेवतो.

सुधाकर